मोडीचा भाव

त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात अकरा देश बसले होते
आणि मला फोन आला : पितळेचा आजचा भाव काय?

कसलं पितळ, मी विचारलं.
निवृत्त सुभेदार पिंगळे जरा खाकरले.
देवळालीत तोफांपाशी तीस वर्षं काढून
त्यांचा उजवा कान गेलाय,
म्हणून ते फोनवरही ओरडूनच बोलतात :
पुंगळ्यांचं, इंदूताई. सत्तर तांबं, तीस जस्त.
पण अजून भरलेल्या आहेत.

भरलेल्याचा भाव आमच्या आळीत कुणी काढत नाही.
हंडा मोडीत घालायला आलेली बाईसुद्धा
आधी पाणी ओतून येते.

गेले. पर्समध्ये कानस, चष्मा, पावतीपुस्तक.
लांब टेबल, त्यावर बोटाएवढे झेंडे,
मधोमध द्राक्षं, त्यांना कुणी हात लावत नव्हतं.
भिंतीवर तक्ता : दूरच्या एका गोदामात
अठरा हजार टन तोफगोळे.
ज्या लढाईसाठी आणले ती झालीच नाही,
किंवा झाली आणि हे उरले
लग्नातल्या बुंदीसारखे.

दुभाषा कौस्तुभ गायधनी, आमच्या मागच्या गल्लीतला,
माझ्या कानाशी मराठी करत होता :
हे म्हणतात, ज्यांनी बनवलं त्यांनी द्यावं.
ते म्हणतात, ज्यांनी मागवलं त्यांनी.
तिसरे म्हणतात, ज्यांच्या दारात आहे त्यांनी.
आणि ज्यांच्या दारात आहे
त्यांची एकच बाई, झरीना,
पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत होती.

हा वाद आम्हाला नवा नाही.
रुखवतातल्या पातेल्याला कल्हई कुणी लावायची,
माहेरानं की सासरानं?
तोवर आमटी कळकते.

माझी पाळी आली. किलोचा भाव सांगितला, घट वजा जाता.
त्यांनी तो टनात नेला, डॉलरात नेला,
खर्चातून वजा केला,
आणि खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.
मी म्हटलं, रिकामं करणाऱ्याचं कुठे धरलंय?
थंड देशाचा उंच माणूस पानं उलटत राहिला.
मजुरी सापडली.
विमा सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी ठरलं ते एवढंच :
पहिले दोनशे टन उंच माणसाच्या देशाच्या पैशानं,
बाकीचं पुढच्या बैठकीत, दुसऱ्या शहरात.
प्रत्येकाला आठवण म्हणून आमच्या दुकानातला तांब्याचा पेला.
त्या पेल्यांचं बिल मात्र त्याच संध्याकाळी निघालं.

जायच्या आधी झरीना आळीत आली.
ठोकाठोक संपत आली होती,
एकच हातोडी कुठेतरी मागे राहिली होती.
गोदाम एकदा फुटलं, ती म्हणाली, थोडंसंच.
तेव्हापासून आमच्या गावात खिडक्यांना काच नाही,
प्लास्टिक लावतो.
वारा सुटला की ते रात्रभर बोलतं.

कोपऱ्यातलं घंगाळ तिनं पाहिलं.
ते विकायचं नाही, मी म्हटलं. वडिलांनी केलंय,
लिलावात घेतलेल्या पुंगळ्यांचं,
एकाहत्तरनंतर कधीतरी.
बुडाला पुंगळीचीच चकती, शिक्क्यासकट.

तिनं ते उलटं केलं. आकडे, एक त्रिकोण, एक अक्षर.
पन्नास वर्षं आम्ही ते चिंच लावून घासलं
आणि कधी वाचलं नाही.
तिचं बोट तिथे थांबलं.
हा त्रिकोण, ती म्हणाली,
आमच्याकडे सगळ्यांच्या बुडाला आहे.
कौस्तुभला भाषांतर करायची गरज पडली नाही.

मग तिनं घंगाळ सरळ केलं
आणि दोन्ही हातांनी, श्वास धरून,
भरलेलं ठेवावं तसं
खाली ठेवलं.

तरी ते जरासं वाजलंच.